उजव्या बाजूचा स्पीकर

दाजी, तुमचा उजवा कान चांगला होता. शेवटपर्यंत चांगला होता. मला हे तुम्ही गेल्यावर सातव्या दिवशी कळलं, आणि आज तीन आठवडे होत आले तरी घास घेताना, कामावर जाताना, आंघोळ करताना तेच एक वाक्य तोंडाशी येतंय. ज्याला सांगायचं तो माणूस नाही. म्हणून लिहायला बसलो. तुम्हाला ठाऊकच आहे, मला लिहायचा कंटाळा. शाळेतला निबंधसुद्धा मी आक्काकडून लिहून घ्यायचो.

तुम्ही रेल्वेत किती वर्षं फिटर होता, कधी रिटायर झालात, कुणाकुणाला मदत केलीत, हे सगळं विहारात बोलून झालंय. सगळे चांगलं बोलले. मी पण उठलो, "दाजी म्हंजी माझ्या बापाच्या जागी," एवढं म्हणालो आणि बसलो. खोटं नव्हतं ते. पण जे बोलायला उठलो होतो, ते हे नव्हतं.

आपल्या दोघांत खरं भांडण एकच झालं. शेतावरून नाही, आक्काच्या माहेरपणावरून नाही. स्पीकरवरून. कुणी ऐकलं तर म्हणेल, यांना दुसरं काही काम नव्हतं.

तुमच्या दौंडच्या घरात बाहेरच्या खोलीत टेप होता, आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन लाकडी खोकी. त्यातला एक स्पीकर घरघरायला लागला, मग दुसराही. आतल्या कागदी पडद्याच्या कडेला बोट लावलं की भुगा पडायचा. तुम्ही ते महिनाभर डिंकानं चिकटवत बसलात. आक्का म्हणायची, पोरांच्या पुस्तकांना कधी एवढं चिकटवलं नाही. आणि हे सगळं एका कॅसेटसाठी. तुमच्या गायन पार्टीची कॅसेट, कुठल्याशा जयंतीला कुणीतरी स्टेजजवळ टेप ठेवून एकाच माईकवर भरून घेतलेली. त्यात लोकांचं खोकणं आहे, मधेच माईकची शिट्टी आहे, लोंढेमामांचा आवाज एका कडव्यात फाटलेला आहे. पण त्या सगळ्याच्या मागं तुमची ढोलकी आहे. डाव्या पुडीचा तो घुमारा, छातीत येऊन बसणारा. तुम्ही म्हणायचात, गाणं लोंढेमामाचं, पण ते ज्या जमिनीवर उभं हाय ती जमीन माझी.

नवे स्पीकर घ्यायचे ठरलं तेव्हा मी म्हणालो, माझ्यावर सोडा. मी वायरमन, कंपनीत पॅनेल जोडणारा, शिरूरला राहणारा, मला नाही कळणार तर कुणाला. दौंडच्या एका दुकानात मी तुम्हाला लाल-निळे दिवे लुकलुकणारे डबे दाखवले. त्यावर वॉटचा आकडा एवढा मोठा लिहिला होता की तेवढ्यावर एखादी पिठाची गिरणी चालावी. तुम्ही खिशातनं कॅसेट काढलीत आणि दुकानदाराला म्हणालात, ही लावा. तो म्हणाला, आमच्याकडं नवीन गाणी आहेत की. तुम्ही म्हणालात, नवीन गाणी चांगलीच वाजत्यात हो, माझी वाजती का बघायचंय. त्यानं नाइलाजानं लावली. तुम्ही डोळे मिटून उभे राहिलात, अर्धं गाणं ऐकलंत, कॅसेट काढून घेतलीत आणि बाहेर पडलात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रस्त्यात मी चिडून म्हणालो, आवाज केवढा होता. तुम्ही म्हणालात, "आवाज लय हुता, पाव्हणं. ढोलकी कुठं हुती?"

मग तुम्ही शिरूरला आलात. न्हावऱ्यावरून येणाऱ्या एसटीनं, पोत्यात एक रिकामं खोकं घालून, नवा स्पीकर भोकात बसतो का बघायला. कंडक्टरनं विचारलं, कोंबड्या हायत का? तुम्ही म्हणालात, व्हय, पण लाकडी हायत, अंडी देत न्हाईत. हा किस्सा तुम्ही मला किमान वीस वेळा सांगितला असेल, आणि शेवटी शेवटी मी हसायचंही सोडून दिलं होतं. आता कुणी सांगितला तर बरं वाटेल.

स्टँडच्या मागच्या गल्लीत एक म्हातारा दुकानदार होता. त्याच्याकडं सुटे स्पीकर एका फळीवर ओळीनं बसवलेले, ना डबा, ना जाळी, ना दिवे. तुमचा नेम होता, आधी ऐकायचं, मग किंमत विचारायची. मला हे उलटं वाटायचं. आधी किंमत विचारली की ऐकायचे त्रास अर्धे कमी होतात, असं माझं मत. पण तो म्हातारा तुमच्याच जातकुळीचा निघाला. त्यानं स्टूल दिलं, चहा मागवला, आणि एकामागून एक चार जोड्या तुमच्या कॅसेटवर वाजवल्या. तिसऱ्या जोडीला तुम्ही डोळे मिटूनच उजव्या हाताचं एक बोट वर केलंत. डाव्या पुडीवर थाप पडली आणि बोट वर. पुन्हा थाप, पुन्हा बोट. किंमत विचारली तर ती जोडी शेवटून दुसरी निघाली, म्हणजे स्वस्तातली. तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत, जसं काही मॅट्रिकला पहिले आलात.

पुढची गोष्ट मला आता रोज आठवते. म्हातारा पुठ्ठ्यात स्पीकर बांधता बांधता म्हणाला, "घरी जोडताना हा लाल टिपका बघा बरं का, दोन्हीकडं..." आणि मी त्याला मधेच तोडलं. म्हटलं, वायरिंग मला नका शिकवू, माझा धंदाच तो हाय. त्यानं तुमच्याकडं बघितलं. तुम्ही केवढ्या अभिमानानं म्हणालात, "व्हय, आमचं पाव्हणं लय हुशार हायत त्यात."

रविवारी मी दौंडला आलो आणि जोडणी केली. येताना घरातली उरलेली वायर आणली होती, दोन पदरी, दोन्ही पदर करड्या रंगाचे. घरातल्या बल्बला कुठलीही वायर कुठल्याही टोकाला लावा, बल्ब लागतो. पंखा फिरतो, इस्त्री तापते. आयुष्यभर मी तेच केलं होतं. स्पीकरमधनं आवाज आला, म्हणजे जोडणी झाली. हात झटकले आणि जेवायला बसलो. आक्कानं मटण केलं होतं.

तुम्ही कॅसेट लावलीत. बोट वर झालं नाही. तुम्ही खुर्ची पुढं घेतलीत, मागं घेतलीत, खिडकी लावलीत, उघडलीत. म्हणालात, दुकानातला घुमारा कुठं गेला? मी म्हणालो, दुकान लहान होतं, इथं वर पत्रा आहे, आवाज फाकतो. पुढच्या खेपेला तुम्ही म्हणालात, गाणं कसं पोकळ वाटतंय, मधनं येतच नाही, भिंतीतनं आल्यासारखं येतंय. मी म्हणालो, कॅसेट झिजली. त्याच्या पुढच्या खेपेला तुम्ही हळूच विचारलंत, त्या म्हाताऱ्यानं लाल टिपक्याचं काय सांगितलं हुतं? मी म्हणालो, दुकानदारी बोलणं असतं ते, आपण काहीतरी सांगितलं असं वाटावं म्हणून. उठून खोक्याची मागची फळी काढायला मला पाच मिनिटं लागली असती, दाजी. स्क्रू ड्रायव्हर माझ्या खिशातच असायचा.

आणि मग तो रविवार. जयंती जवळ आली होती, पार्टीची तालीम तुमच्याच बाहेरच्या खोलीत. लोंढेमामा होते, विलास होता, पेटीवाले होते, आणखी दोघं-तिघं. जुनी चाल दाखवायला तुम्ही कॅसेट लावलीत आणि दोन ओळी झाल्यावर बंद केलीत. सगळ्यांदेखत म्हणालात, ह्या स्पीकरात कायतरी खोट हाय, पाव्हणं, एकदा उघडून बघा की. चौथ्यांदा का पाचव्यांदा सांगत होता तुम्ही. माझ्या हातात चहा होता. मला वाटलं, हा माणूस चारचौघांत माझी अक्कल काढतोय. आणि मी म्हणालो,

"दाजी, स्पीकर नवा हाय, वायर नवी हाय. जुना हाय तो फक्त तुमचा कान."

सगळे हसले. वाक्य तसं जमून आलं होतं, खोटं कशाला बोलू, मलाही त्याचा आनंद झाला. लोंढेमामांनी मांडीवर थाप मारली. तुम्हीही हसलात. मग मी आणखी पुढं गेलो, शेडमधल्या आवाजात एवढी वर्षं काढली, कान राहणार कसा, असं शहाण्यासारखं समजावून सांगितलं. तुम्ही म्हणालात, "आसंल बाबा." आणि बशीत चहा ओतलात.

त्यानंतर स्पीकरबद्दल तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मला वाटलं, मी जिंकलो.

सहा वर्षं. सहा वर्षं मी तुमच्या घरी यायचो, टेपकडं बघायचो, तर बॅलन्सचं बटण पार डावीकडं फिरवलेलं. म्हणजे सगळा आवाज डाव्या स्पीकरला, उजवा मुका. मी दर वेळी ते मधे आणायचो आणि म्हणायचो, पोरं काय काय फिरवून ठेवतात. तुम्ही पेपर वाचत असायचा. आक्का आतून माझ्याकडं बघायची आणि पुन्हा पोळ्या लाटायची. मी शिरूरला परतलो की तुम्ही उठून ते बटण परत डावीकडं न्यायचात. हे मला आता कळलंय.

फोनचंही तसंच. तुम्ही रिसीव्हर डाव्या कानाला लावायला लागलात, उजव्या हातात धरून तोंडापुढनं पलीकडं. मी त्याचीही नक्कल करून दाखवली होती, पोरं हसली होती. बाजारात चालताना तुम्ही नेहमी माझ्या उजव्या अंगाला यायचात, म्हणजे मी तुमच्या डावीकडं पडावा. ते मी बघितलं, पण त्याचा अर्थ लावला नाही.

आणि ढोलकी. त्या वर्षी जयंतीला तुम्ही ढोलकीवर बसलाच नाहीत. गुडघं दुखत्यात, मांडी घालून बसवत न्हाई, असं म्हणालात आणि ढोलकी विलासकडं दिलीत. मी म्हणालो, बरं केलं, वयाप्रमाणं वागावं माणसानं. काय एकेक वाक्यं बोललोय मी तुम्हाला.

माझ्या घरी मी मोठी सिस्टीम घेतली तेव्हा तुम्ही आला होता. पाच स्पीकर, खाली एक दणदणीत डबा. मी खास तुम्हाला ऐकवायला काहीतरी लावलं. तुम्ही बसलात, डोळे मिटलेत. मी तुमच्या बोटाकडं बघत होतो, दाजी. एवढं बोलूनही मला तुमचं बोट वर झालेलं हवं होतं. ते झालं नाही. तुम्ही डोळे उघडून म्हणालात, चांगलं हाय. ढोलकी कुठं हाय असं यावेळी विचारलं नाहीत. तेव्हा मला वाटलं, सुधारले दाजी. आता वाटतं, विचारायचा हक्कच मी काढून घेतला होता.

खरं तर ज्या विद्येच्या जोरावर मी तुमचा कान मोडीत काढला, ती विद्या तुमची. दहावीला गचकल्यावर बाप म्हणाला, ऊसतोडीला जा. तुम्ही ड्युटी करून आला होता, कपड्याला ग्रीसचा वास, तसेच मला घेऊन पाबळला गेलात, तिथल्या शाळेत, हातानं काम शिकवतात तिथं. फॉर्मवर पालक म्हणून सही तुमची आहे. परतताना तुम्ही मला म्हणालात, जोडायला शिक, तोडायला कुणालाबी येतंय. मी जोडायला शिकलो. बल्ब जोडले, मोटारी जोडल्या, कंपनीची पॅनेलं जोडली. तुमच्या घरातली चार बोटं वायर नीट जोडली नाही.

तुम्ही गेल्यावर सातव्या दिवशी पुण्यानुमोदनाला तुमची कॅसेट लावायची असं लोंढेमामांनी सुचवलं. मी सकाळीच टेप बघायला बसलो. बटण डावीकडं. सवयीनं मधे आणलं आणि वाजवून बघितलं. आक्का दारात उभी होती. म्हणाली, डावीकडंच राहू दे, सुन्या, ते तसंच ऐकायचे.

मी म्हणालो, का?

तर म्हणाली, उजवा कान गेला हुता न्हवं त्यांचा. दोनी लावलं की घुमारा येत न्हाई, एकट्या डावीकडं येतोय, म्हंजी उजवाच कान खराब, असं त्यांनी स्वतःच ताडलं. मला म्हनले, सुनील म्हनत हुता ते खरं निघालं. ढोलकी लावताना मला बसवायचे समोर. बघ गं, लागली का, माझा भरवसा न्हाई आता. मला त्यातलं काय कळतंय? मंग दिली विलासला. म्हनले, बेसूर वाजवून पार्टीचं नाव घालवन्यापरीस नकोच.

मी विचारलं, मला का सांगितलं नाहीत?

म्हणाली, ते नको म्हनले. सुनीलला कळलं तर उगा दवाखाने करत बसंल, त्याचे खाडे पडत्याल.

मी बटण डावीकडं नेलं. ढोलकी आली. छातीत आली, जशी त्या म्हाताऱ्याच्या दुकानात आली होती. मधे आणलं, गेली. माझे दोन्ही कान ठणठणीत आहेत, दाजी, आणि मलाही तेच ऐकू आलं जे तुम्हाला सहा वर्षं ऐकू येत होतं. पोकळ. भिंतीतनं आल्यासारखं. इतक्या वर्षांत मी तुमच्या घरात ती कॅसेट एकदाही शांत बसून ऐकली नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. उजव्या खोक्याची मागची फळी काढली. स्पीकरच्या एका टोकाशी लाल टिपका होता, वाटाण्याएवढा, आणि माझी वायर त्याच्या उलटी. डावीकडं सुलटी. म्हणजे एक स्पीकर पुढं ढकलत होता तेव्हा दुसरा मागं ओढत होता, आणि तुमचा घुमारा दोघांच्या मधे मरत होता. एकच माईक असल्यामुळं दोन्हीकडं एकच आवाज, म्हणून तर पुरता मरत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तशी मी तुमच्या कानाला दिली. दोन टोकांची अदलाबदल केली. तीन मिनिटं लागली.

बटण मधे ठेवून लावलं. लोंढेमामा गात होते आणि त्यांच्या बरोबर मधोमध, दोन खोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत, जिथं तुमची खुर्ची असायची तिथं, तुमची ढोलकी वाजत होती. मी फळी हातात धरून तसाच बसून राहिलो. आक्काला वाटलं, मी तुमच्या आठवणीनं रडतोय. तिनं पाठीवरनं हात फिरवला. मी तिला सांगितलं नाही. विहारातही सांगितलं नाही. तिथं तेच सगळे बसले होते, लोंढेमामा, विलास, पेटीवाले, त्या दिवशी हसलेले.

परवा पुन्हा दौंडला गेलो. बटण डावीकडं. आक्कानं फिरवलेलं, तुमच्या सवयीनं. उजवा स्पीकर आता नीट आहे आणि तरीही मुका. मग मला राहवलं नाही. तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं, लाल टिपका, करडी वायर, त्या म्हाताऱ्याला तोडलं ते. तिला वायरचं किती कळलं देव जाणे. तिनं एकच विचारलं.

"मंग त्यांचा कान चांगला हुता?"

"व्हय."

मी वाट बघत होतो, की शिव्या देईल, रडेल. ती उठली, तुमचा चष्मा टेपवरून उचलून कपाटात ठेवला आणि म्हणाली, "मला नगं सांगूस. ज्यांच्याम्होरं बोललास, त्यांच्याम्होरं सांग."

चार दिवसांनी जयंती आहे. विहारापुढं मांडव पडलाय, पार्टी बसणार आहे, लोंढेमामा अजून गातात. विलासला मी एवढंच सांगितलंय की सुरुवातीला मला एक मिनिट माईक पाहिजे. त्याला वाटतंय, मी तुमच्यावर चार शब्द बोलणार. मी बोलणार आहे ते असं: दाजींच्या कानाला खोट नव्हती, वायर मी उलटी जोडली होती, आणि ते सांगत होते तेव्हा मी उघडून बघितलं नाही. मग विलासनं वाजवावी.

मला ठाऊक आहे, तुम्ही असता तर म्हणाला असता, जाऊ द्या की पाव्हणं, कशाला चारचौघांत. पण त्या दिवशी चारचौघांतच मी बोललो होतो आणि ते तुम्हाला हसले होते. आता त्यांनी मला हसावं, दाजी. मांडीवर थापा मारून हसावं. त्यांचं हसून होईपर्यंत मी माईक सोडणार नाही.